ताईच्या खोलीची बाहेरची भिंत

सदाशिव पेठेतलं आमचं घर दुमजली आहे आणि विटांचं आहे. त्याला चौक नाही, लाकडी खांब नाहीत, सांगण्यासारखा इतिहासही नाही. स्वातंत्र्याच्या आधी एका वकिलाने ते बांधलं आणि नंतर वडिलांनी विकत घेतलं. खालच्या मजल्यावरची, गल्लीच्या बाजूची खोली माझ्या थोरल्या बहिणीची. मेहुणे गेल्यावर ताई इथे परत आली. याच खोलीत राहून तिने शाळेतली नोकरी पूर्ण केली, मुलाला वाढवलं आणि निवृत्त झाली. मुलगा आता कोथरूडला सातव्या मजल्यावर राहतो. ताई खालीच राहिली.

त्या खोलीची बाहेरची भिंत पश्चिमेला आहे. तिला दर पावसाळ्यात ओल यायची. आधी जमिनीपासून वीतभर, मग खिडकीच्या चौकटीपर्यंत. आतला रंग फुगायचा, त्याच्या पापड्या गादीवर पडायच्या आणि मागे पांढरा लोणा, म्हणजे विटेतून फुटलेला क्षार, दिसायचा. ओल थांबवणारा म्हणून मिळतो तो रंग दोनदा लावून झाला. दोन्ही वेळा ओल थोडी वर सरकली आणि तिथून बाहेर आली. एका पावसाळ्यात ताईला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, घरात ओल आहे का ते विचारलं, आणि पुढचा पावसाळा त्या खोलीत काढू नका असं स्पष्ट सांगितलं.

भाचा त्याच आठवड्यात आला.

"मामा, प्रॅक्टिकली बोलू या. आई माझ्याकडे शिफ्ट होईल. एक रूम रिकामीच आहे."

"मी इथेच बसलेय," ताई म्हणाली. "माझ्याशी बोललास तरी चालेल."

"आई, तसं नाही गं."

"तसंच आहे. तुझ्याकडे बेल वाजते ती पार्सलवाल्याची. तीही शेजाऱ्यांसाठी."

ताईच्या खोलीला गल्लीकडे दार आहे आणि ते दिवसभर उघडं असतं. दूधवाला, समोरच्या बिऱ्हाडातल्या बायका, शाळेतले तिचे जुने विद्यार्थी, क्लासला आलेल्या आणि पत्ता चुकलेल्या मुली, सगळे तिथे डोकावतात. ताईचा दिवस या डोकावण्यांचा बनलेला आहे. बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं: पावसाळ्याच्या आत भिंत कोरडी झाली तर ताई इथेच राहील. नाही झाली तर ती कोथरूडला जाईल, कायमची. मला जायचं नाही, हे तिने एकदाच सांगितलं. पुन्हा तो विषय काढला नाही. भिंतीचं काम माझ्याकडे आलं.

जुन्या इमारतींची कामं करणाऱ्या एक वास्तुरचनाकार बाई ओळखीच्या होत्या. त्या आल्या, भिंतीवर टकटक करत कान लावून उभ्या राहिल्या, आणि दोष बाहेरच्या गिलाव्यात आहे म्हणाल्या. विटा जुन्या, त्यांच्यामधले सांधे चुन्याचे. अशी भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडूनही देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की प्यायलेलं पाणी आतच राहतं आणि खोलीच्या बाजूने बाहेर पडतं. उपाय एकच होता. गिलावा काढायचा, वीट उघडी करायची, सांधे चुन्याने भरायचे. सिमेंट चिमूटभरही नको.

हा गिलावा आमच्या लहानपणीचा. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं आणि वडिलांनी ते मिळवलं होतं. घर 'पक्कं' झालं म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. ताईला ते पेढे आठवतात. मला फक्त घराचा बदललेला रंग आठवतो.

मिस्त्री कात्रजहून स्कूटरवर यायचे. घराणं गवंड्यांचं, चार पिढ्या पुण्यातच. त्यांच्या आजोबांनी चुन्यात कामं केली होती. यांचं स्वतःचं आयुष्य सिमेंटमध्ये गेलं होतं. भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, "गिलावा काढायचा, आणि परत करायचा नाही?"

"नाही."

"मग लोक विचारतील, काम कुणी सोडून दिलं."

लोकांनी विचारलंच. बांबूंची परांची उभी राहिली, छन्नी चालू झाली आणि समोरचे निवृत्त गृहस्थ सकाळच्या फेरीवरून परतताना थांबले.

"अहो, घर बांधताय की सोलताय?"

"ओल आहे. गिलावा काढतोय."

"अस्सं. आमच्याकडे करून घेतात, तुमच्याकडे काढून घेतात. छान आहे. प्रत्येकाची आवड."

पुढचे काही महिने ते रोज थांबत राहिले आणि रोज काहीतरी बोलत राहिले. आणखी एक-दोघांनी, आता घर बिल्डरला देणार का, असंही विचारून घेतलं. गल्लीत उघडी वीट म्हणजे एक तर अपुरं घर, नाहीतर पडायला आलेलं घर. तिसरा अर्थ कुणाला माहीत नव्हता.

धुळीचा विचार सगळ्यांनी केला होता, पण कमी केला होता. खिडक्यांना आतून प्लॅस्टिक लावलं, बाहेरून ओलं गोणपाट टांगलं. तरी सिमेंटची बारीक पूड खोलीत येत राहिली. पाण्याच्या तांब्यावर, गादीवर, देवांवर. तिसऱ्याच दिवशी ताईची धाप वाढली. डॉक्टरांनी विचारलं, "हे काम कोणाच्या सल्ल्याने काढलं?" ताईने पिशवी भरली. भाचा गाडी घेऊन आला.

"काम संपेपर्यंत," ती गाडीत बसताना म्हणाली. मला उद्देशून नव्हे, मुलाला.

"हो गं. काम संपेपर्यंत."

जिला घरात ठेवण्यासाठी काम काढलं होतं, तीच कामामुळे सगळ्यांत आधी घराबाहेर गेली.

खिडकीच्या उजव्या अंगाचा, म्हणजे ताईच्या पलंगामागचा गिलावा निघाला आणि दुसरी अडचण दिसली. वीट चांगली होती. पातळ, भाजून गडद झालेली, आवाजाला खणखणीत. पण प्रत्येक विटेच्या तोंडावर खड्डे होते. सिमेंट धरावं म्हणून गिलाव्याच्या आधी भिंतीला टाचे मारतात, म्हणजे टोकदार हत्याराने विटेवर जागोजागी घाव घालतात. ते असे घातले होते की बोटभर जागा साबूत नव्हती.

संध्याकाळी ताईला फोनवर सांगितलं.

"मारणारच," ती म्हणाली. "बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते. एकही वीट सोडू नका म्हणत होते. मीच चहा नेऊन देत होते त्या माणसांना."

"एकही सोडलेली नाही."

"बाबांनी सांगितलं म्हटल्यावर कशी सोडतील?"

वास्तुरचनाकार बाई परत आल्या. खड्ड्यांत पाणी साठेल, वीट अशी ठेवून चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. दोन मार्ग होते. एक, वरून चुन्याचा गिलावा. तो करणारे कारागीर शोधले. जे खरोखर जाणकार होते ते कुठल्या तरी किल्ल्याच्या कामावर गेले होते आणि दिवाळीशिवाय मोकळे होणार नव्हते. बाकीचे सगळे फोनवर 'होऊन जाईल' म्हणाले आणि चुना कुठून आणणार, यावर गप्प झाले. दुसरा मार्ग असा की वीट अलगद काढायची, उलटी फिरवायची आणि आतलं तोंड बाहेर घेऊन परत बसवायची. सांधे चुन्याचे असल्यामुळे वीट न फुटता निघते.

मिस्त्रींना हा मार्ग पटला. "काढा, फिरवा, बसवा. यात शिकायचं काय आहे?"

शिकायचं काही नव्हतं, पण वेळ फार जात होता. भिंतीवर वरच्या मजल्याचा भार. एका वेळी हातभर जागाच उघडता येई. वीट काढायची, जुना चुना खरवडायचा, वीट पाण्यात भिजवायची, फिरवून बसवायची, सांध्यात चुना भरायचा, वर ओलं गोणपाट. चुना आठवडाभर पिंपात भिजत पडलेला असायचा. तो मळायला एक माणूस अडकून पडे. मग तो तुकडा जरा धरेपर्यंत दुसरीकडे उघडायचं. रोजे सुरू झाले तसे मिस्त्री दुपारीच निघू लागले. तोवर उन्हात, परांचीवर, पाण्याचा घोट न घेता ते काम करत होते, आणि लवकर करा असं म्हणायची सोय राहिली नव्हती. पाडवा आणि ईद पाठोपाठ आले. ईदनंतर त्यांनी शीरखुर्म्याचा डबा आणला. त्यातला अर्धा ताईसाठी कोथरूडला गेला.

ताईचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"आज कुठपर्यंत?"

"खिडकीपर्यंत."

"काल पण खिडकीच होती."

"काल खिडकीची खालची बाजू होती. आज वरची."

"बरं. म्हणजे खिडकी आहे अजून."

मग ती तिथलं सांगायची. लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईला नमस्कार केला, बाईच्या कानात काहीतरी होतं, ती दुसऱ्याच कुणाला तरी 'येस' म्हणाली. खालच्या बागेत ज्येष्ठांचा ग्रुप आहे, त्यात सभासद व्हायला फोटो लागतो. खोली मोठी आहे, हवा चांगली आहे, धाप नाही. धाप नाही हे ती तक्रारीच्या सुरात सांगायची. भाचा मागून म्हणायचा, "बघा मामा, इथे ती फाइन आहे." ते खरं होतं, आणि त्यामुळे माझी बाजू दर संध्याकाळी थोडी थोडी कमजोर होत होती.

पलंगामागची भिंत मे महिन्याच्या सुरुवातीला पूर्ण झाली. ती चांगली दिसत होती, हे नोंदवायला हवं. विटांची आतली तोंडं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उजेडात आली होती आणि त्यांचा रंग नवा होता. समोरचे गृहस्थसुद्धा एक दिवस न बोलता पुढे गेले.

चुना हळू धरतो. भरल्यावर कितीतरी दिवस तो नखाने उकरला जातो. मी रोज सकाळी सांध्यांवर नख फिरवून बघत असे. एका सकाळी खिडकीच्या कडेच्या सांध्यावर नख घसरलं. सांधा दगडासारखा घट्ट होता, तोही परवा भरलेला. रंगही चुन्याचा नव्हता, त्यात राखाडी झाक होती. मिस्त्री स्कूटर लावत होते.

"मिस्त्री, यात सिमेंट आहे?"

त्यांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. "थोडं आहे."

"थोडं म्हणजे किती?"

"भाजीत मीठ असतं तेवढं."

"नको म्हणून सांगितलं होतं. बाईंनी तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"सांगितलं होतं." ते भिंतीपाशी आले आणि खालचा एक सांधा त्यांनी अंगठ्याने दाबला. पांढरी पूड त्यांच्या पायावर पडली. "हे बघा. आठ दिवस झाले याला. असं काम मी जन्मात कुणाला दिलं नाही. गिलावा असता तर झाकलं असतं. ही उघडी भिंत आहे साहेब. ताई परत येणार, हात लावणार, हाताला चुना लागणार. मग काय म्हणतील? मिस्त्रीने भुसा भरला म्हणतील."

"तो महिन्याने घट्ट होतो."

"होत असेल. मी बघितलेलं नाही. सिमेंट उद्या घट्ट होतं, ते मी रोज बघतो."

त्यात लबाडी नव्हती. सिमेंट त्यांनी स्वतःच्या घरून, स्कूटरच्या डिकीतून आणलं होतं. आपल्या हातचं काम कच्चं दिसू नये एवढाच त्यांचा हेतू होता, आणि कामाचं वाटोळं त्याच हेतूने झालं होतं. खिडकीभोवतीचा सगळा भाग असाच भरलेला निघाला. वास्तुरचनाकार बाईंनी फोनवर किती भाग भरला ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "काढावं लागेल. पाणी तिथेच अडेल."

मिस्त्रींनी ते न कुरकुरता काढलं. अडचण अशी की सिमेंट मिसळलेला माल विटेला सोडत नाही. छन्नी लावली की सांध्याबरोबर विटेची कड तुटायची. जी तोंडं नवी म्हणून बाहेर आणली होती, त्यांच्याच कडा गेल्या. मागे फिरवायला आता दुसरं तोंड उरलं नव्हतं. तशा विटा बाजूला काढल्या आणि तशाच मापाच्या जुन्या विटा शोधणं सुरू झालं. पेठेत पाडापाडी रोज कुठे ना कुठे चालू असते. पण जिथे गेलो तिथे विटा एक तर आदल्या दिवशीच भरावात गेलेल्या असायच्या, नाहीतर मापाने जाड निघायच्या. अखेर नारायण पेठेतल्या एका पडलेल्या न्हाणीघराच्या विटा मिळाल्या. त्यांना साबणाचा वास होता. त्या बसवल्या.

पाऊस त्या वर्षी मे संपायच्या आतच आला. चुना ओल्यात धरत नाही, म्हणून काम थांबलं. भरलेल्या भागावर ताडपत्री बांधली. वाऱ्याने ती दर दोन-तीन दिवसांनी सुटायची आणि रात्रभर फटफट वाजायची. खिडकीच्या उजवीकडची भिंत तयार होती. डावीकडे, कोपऱ्यापर्यंत, वडिलांचा गिलावा होता तसाच. ठरल्याप्रमाणे मी हरलो होतो. भाच्याने तसं बोलून दाखवलं नाही. त्याने ताईचा पलंग कोथरूडला न्यायला टेम्पो कधी बोलवू, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ताडपत्री सुटली तर पलंग भिजेल, दारापर्यंत चिखल आहे, जरा थांब. तो थांबला.

श्रावणात एका दुपारी दारात रिक्षा थांबली. ताई उतरली. हातात तीच पिशवी, दुसऱ्या हातात औषधांचा डबा. तिने रिक्षावाल्याला जिन्याशी नव्हे, आपल्या दाराशीच सामान ठेवायला सांगितलं आणि मला खोली उघडायला लावली.

"कळवलं नाहीस," मी म्हटलं.

"कळवलं असतं तर आला असतास का न्यायला? संपलं का काम?"

"नाही."

"माहीत आहे. म्हणूनच आले. तुमचं संपायची वाट बघायची म्हणजे तिकडे माझा फोटो लागायचा बागेतल्या ग्रुपमध्ये."

पलंग मधोमध ओढून ठेवला होता, त्यावर प्लॅस्टिक. ताई तिकडे न जाता भिंतीकडे गेली. पलंगामागच्या बाजूला तिने तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. भर पावसाळा होता. हात कोरडा निघाला. मग ती खिडकी ओलांडून कोपऱ्याकडे गेली. तिथे हात लावायची गरज नव्हती. छातीपर्यंत काळपट पट्टा होता आणि खाली क्षाराचा पांढरा चुरा पडलेला.

"पलंग त्या बाजूला घ्या," ती म्हणाली. "इकडे काही ठेवू नका."

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही तिला आत घेतलंत कसं?"

"खोली तिची आहे."

"डील काय होती? भिंत कोरडी झाली तर. झाली का?"

ताईने फोन हातातून घेतला. "माझ्या डोक्यामागची झाली आहे. मी पायाकडे तोंड करून झोपत नाही." आणि परत दिला.

दिवाळीनंतर मिस्त्री आपण होऊन आले. उजवीकडच्या भिंतीला त्यांनी हात लावला नाही, पण जाता-येता तिच्याकडे बघत राहिले. चुना आता नखाला दाद देत नव्हता, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नसावं. कोपऱ्याचं काम महिनाभराचं आहे, हवा कोरडी आहे, उद्यापासून घेतो, या वेळी त्या बाईंनी सांगितलं तसंच, असं त्यांनी सांगितलं. मग खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "ताई, महिनाभर लेकाकडे जाऊन या. धूळ होणार."

"नाही जाणार."

"मग गिलावा कसा काढू?"

"नका काढू."

"पावसात परत ओल येईल. कोपऱ्यातून सरकत सरकत इकडे येईल. एवढं केलेलं वाया जाईल ताई."

"मागच्या वेळी मी काम संपेपर्यंत म्हणूनच गेले होते मिस्त्री."

पाणी मारत, हळूहळू छन्नी लावू, धूळ उडू देणार नाही, असं मिस्त्रींनी सुचवलं. दिवसभर समोरच्या बिऱ्हाडात बसून रात्री झोपायला ये, असं मी सुचवलं. डॉक्टरांनी दोन्हीला नकार दिला आणि या एकाच बाबतीत ताईला डॉक्टरांचं म्हणणं तात्काळ पटलं. भाचा म्हणतो, तिला सांगा मी स्वतः परत आणून सोडीन, तारीख देतो. ताई म्हणते, तारखा तुझ्या मामानेही दिल्या होत्या.

भिजवलेला चुना जिन्याखाली पिंपात आहे, वर पाणी ठेवून. तो असा टिकतो, असं बाई म्हणाल्या. परांचीचे बांबू मिस्त्रींनी नेले नाहीत, परसात उभे करून ठेवले आहेत. दर थोड्या दिवसांनी ते स्कूटर थांबवून विचारतात आणि दर वेळी मी आत जाऊन विचारतो. कालही विचारलं. ताई दारात बसून समोरच्या मुलीची वही तपासत होती. तिने मान वर केली नाही.

"त्यांना म्हणावं, चहा घेऊन जा," ती म्हणाली. "भिंतीचं नंतर बघू."